तळघरातलं परसू : मिनेसोटाच्या थंडीत हवेच्या नोंदी

१२ ऑक्टोबर

अंगणातली झाडं आज आत घेतली. पहाटे गवतावर पांढरा थर होता, आता थांबण्यात अर्थ नाही. कढीपत्त्याच्या तीन कुंड्या (मोठा माझ्या खांद्याला लागतो), दोन तुळशी, गवती चहा, अळू, लवंगी मिरचीची सहा झाडं, आणि मेथी-कोथिंबिरीचे ट्रे. मिनियापोलिसच्या या उपनगरात मेच्या मध्यापर्यंत यांना उघड्यावर ठेवता येत नाही, म्हणजे सात महिन्यांची सोय हवी.

जागा बेसमेंटमधली उत्तरेची खोली. १० बाय १२ फूट, उंची साडेसात, म्हणजे ९०० घनफूट. एक लहान आडवी खिडकी, जमिनीच्या पातळीवर. १५० वॅटचे दोन एलईडी दिवे, रोज १४ तास. चार इंची इनलाइन पंखा (डक्टमध्येच बसणारा) आणला, खोक्यावर २०० सीएफएम लिहिलंय, म्हणजे मिनिटाला २०० घनफूट हवा. खिडकीची काच काढून तिथे प्लायवूड बसवलं, त्याला भोक पाडून डक्ट बाहेर काढला. नवी हवा दाराच्या फटीतून येईल असा हिशोब. पंखा लावला की दार आपोआप आत ओढलं जातं. छान वाटलं बघून.

खोलीच्या एका भिंतीला आमचं जुनं फडताळ आहे, त्यात वर्षाचं सामान. ते हलवायचा कंटाळा केला.

१३ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. सासूबाई चिपळूणहून येऊन दोन महिने झाले, त्यांनी तळघरातूनच एक तुळस वर मागवली. आवळे-चिंचा मिळाल्या नाहीत, उसाऐवजी गवती चहाची काडी. तुळस थोडी लांबुळकी झालीय, दिवा उंच टांगल्यामुळे असावी. सहा इंच खाली घेतला.

दमटपणा ५२, तापमान २१. पंखा दिवसभर चालू. सगळं सुरळीत.

२४ नोव्हेंबर

सुरळीत नव्हतंच.

बाहेर उणे ९. मोठ्या कढीपत्त्याची खालची पानं पिवळी पडून गळायला लागलीत. खोलीत १७ अंश, पण कुंडीच्या मातीत थर्मामीटर खुपसला तर १२. कुंड्या थेट काँक्रीटवर होत्या. कढीपत्त्याला मुळाशी गारवा लागला की तो झोपी जातो आणि पानं टाकतो, हे मला माहीत असून मी कुंड्या जमिनीवर ठेवल्या. फोमचे दोन इंची तुकडे कापून खाली सरकवले.

पण खोली १७ वर का आली? पंखा हवा बाहेर टाकतो, तेवढीच हवा कुठूनतरी आत येणार. कुठून, ते बघायला उदबत्ती पेटवली आणि बेसमेंटभर फिरले. दाराखाली धूर आत ओढला जातोय, अपेक्षितच. विजेच्या बोर्डाच्या भोकातून गार झुळूक. भिंतीच्या माथ्यावर, जिथे काँक्रीट संपून लाकडी चौकट सुरू होते (इकडे रिम जॉइस्ट म्हणतात), तिथे तर उदबत्तीचा धूरच आडवा झाला. मग सहज म्हणून पलीकडच्या खोलीत, गॅसच्या वॉटर हीटरपाशी गेले.

या हीटरच्या डोक्यावर धुराड्याची टोपी असते, खाली चारी बाजूंनी उघडी. हीटर पेटलेला असताना तिथे उदबत्ती धरली तर धूर टोपीत वर ओढला गेला पाहिजे. धूर माझ्या तोंडावर आला. मी पुन्हा धरली. पुन्हा तोंडावर.

म्हणजे माझा पंखा घरातली हवा इतक्या जोरानं खेचतोय, की धुराड्यातून वर जायचा गॅसचा धूर उलटा घरात उतरतोय. धावत जाऊन पंखा बंद केला. दोन मिनिटांत धूर निमूटपणे वर जायला लागला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वरच्या मजल्यावर आहे, तो वाजला नव्हता. पण तो वाजायची वाट बघण्यात शहाणपण नाही. संध्याकाळी दुसरा अलार्म आणून बेसमेंटमध्ये लावला.

सासूबाईंनी विचारलं, आज खाली पूजा होती का, एवढ्या उदबत्त्यांचा वास येतोय.

२५ नोव्हेंबर

रात्री झोप नाही, म्हणून हिशोब मांडला. आधीच मांडायला हवा होता.

हवा तापवायला लागणारी उष्णता काढायचं सोपं सूत्र: ताशी घनमीटर गुणिले तापमानातला फरक गुणिले ०.३३५, उत्तर वॅटमध्ये. पंखा अगदी सावकाश, ताशी १०० घनमीटरवर ठेवला आणि बाहेर उणे २० असेल, तर २१ अंशांपर्यंत यायला ४१ अंशांचा फरक. उत्तर जवळपास १.४ किलोवॅट. माझ्या दोन्ही दिव्यांची मिळून उष्णता ०.३ किलोवॅट. म्हणजे दिव्यांनी खोली गरम राहील हा सगळा भ्रम होता, बाकीची ऊब घराची फर्नेस पुरवत होती आणि मी ती खिडकीतून गल्लीला वाटत होते.

आणि आमची फर्नेस प्लास्टिकच्या पाइपनं स्वतःची हवा बाहेरून घेते, तिला या ओढाताणीचा त्रास नाही. त्रास फक्त जुन्या वॉटर हीटरला. फर्नेसवाल्या तंत्रज्ञानं फोनवर हेच सांगितलं, वर एक सूचना: खोलीची हवा फर्नेसच्या रिटर्न डक्टला (घरभरची हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या नळीला) जोडायचा विचार असेल तर सोडून द्या, मातीतली बुरशी प्रत्येक बेडरूममध्ये पोचेल. तो विचार माझ्या डोक्यात होताच. सोडला.

खिडकीचा डक्ट काढला. भोक फोमनं बुजवलं.

१५ डिसेंबर

तीन आठवडे सगळं बंद. खोली २२ अंशांवर, झाडं खूश दिसतायत, मीही खूश. आज जेवायला पापड भाजायला घेतले तर ते फुलेनात. हातात घेतला तर वाकला. मोडायच्या ऐवजी वाकला!

पूर्ण डबा सादळलाय. उडदाचे, पोह्याचे, सगळे. फडताळातल्या बरणीतल्या मिठाचा गोळा झालाय, हिंगाच्या डबीचं झाकण उघडेना. सासूबाईंनी खाली येऊन एकच श्वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आमच्याकडचा श्रावण आहे."

मीटरवर दमटपणा ७८. मीटर रोज बघत नव्हते, चुकलं.

१६ डिसेंबर

सासूबाईंनी पापड परातीत पसरून वरच्या मजल्यावर फर्नेसच्या झरोक्यासमोर ठेवले होते. सकाळपर्यंत कडक. चक्क कडक, मुंबईच्या मे महिन्यातसुद्धा इतके होत नाहीत.

वरच्या मजल्यावर दमटपणा बघितला: २१. आमचे ओठ फुटतायत, लेकाच्या नाकातून रक्त येतं म्हणून आम्ही त्याच्या खोलीत पाण्याची वाफ सोडणारं यंत्र लावलंय. आणि बरोबर त्याच्या पायाखाली दहा फुटांवर श्रावण चालू आहे. मी हवा बदलायला बाहेर कशाला जात होते?

१७ डिसेंबर

आधी नुकसान बघू. रिम जॉइस्टवर बर्फाचा पातळ थर. खोलीतली २२ अंश आणि ७८ टक्क्यांची हवा १८ अंशांच्या पृष्ठभागाला लागली तरी तिचं पाणी होतं. ते लाकूड तर शून्याच्या खाली आहे. हा बर्फ वितळला की लाकूड भिजणार, मग काळी बुरशी. कोपऱ्यात दोन ठिपके आलेतच. ते पुसून, सुकवून, मापाचे फोमचे तुकडे कापून प्रत्येक खणात बसवले आणि कडा फवारणीच्या फोमनं बंद केल्या. चौदा खण. मान अजून दुखतेय.

मेथीच्या पानांवर पांढरी पूड. निफाडकडची मुलगी आहे मी, भुरी ओळखायला मला कोणी शिकवावं लागत नाही. तरी भावाला व्हिडिओ कॉल लावला, तो द्राक्षबागेतच होता.

"भुरीच आहे ती. हवा खेळत नाही तुझी."

"पण दादा, मी पानांवर पाणी पडू देत नाही."

"डाऊनीला, म्हणजे केवड्याला, पानावर पाणी लागतं, भुरीला नुसती दमट हवा पुरते. आणि केवढी दाटी केलीयस! आम्ही फेलफुटी, बिनघडाच्या फुटी, काढतो ते काय हौस म्हणून?"

गंधक मारू का विचारलं तर हसला. घरात गंधक मारून तू कुठं झोपणार, म्हणाला. मेथीचे दोन ट्रे उपटून बाहेर बर्फात टाकले. मिरचीच्या आतल्या फांद्या छाटल्या, कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवलं. दादाकडे पारा ८ वर आलाय, रात्री बागेत शेकोट्या पेटवायची तयारी चाललीय. मी उणे १८ म्हटल्यावर गप्प झाला, मग म्हणाला, तिथं द्राक्षं लावू नकोस.

१८ डिसेंबर

मीटरवर विश्वास ठेवायचा का हा प्रश्न होता. स्वस्तातला आहे. छोट्या झाकणात मीठ घेऊन त्यात थोडंसंच पाणी घातलं, मीठ ओलं होईल पण विरघळणार नाही इतकंच. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत काल रात्री बंद केले. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, हा निसर्गाचा नेम. मीटर दाखवतोय ८१.

म्हणजे माझा मीटर सहानं जास्त सांगतो. परवाचे ७८ खरे ७२ होते. तरी पापड वाकायला पुरेसे. मीटरच्या पाठीवर "६ वजा" अशी चिठ्ठी चिकटवली. यापुढचे आकडे वजा करून.

२० डिसेंबर

पाण्याचा हिशोब. आठवडाभर किती घालते ते बाटल्यांनी मोजलं: २१ लिटर, दिवसाला ३. झाडं पितात त्यातलं जेमतेम एक-दोन टक्के पाणी त्यांच्या अंगी लागतं, बाकीचं पानांतून हवेत जातं. उरलेलं मातीतून उडतं. म्हणजे ३ लिटर ओतले की ३ लिटर हवेत आले, ताशी १२५ ग्रॅम.

खोलीत २३ अंश आणि ५५ टक्के हवी असेल तर तिथल्या घनमीटरभर हवेत ११.३ ग्रॅम वाफ असते. घरातल्या २१ अंश, २५ टक्क्यांच्या हवेत ४.६ ग्रॅम. प्रत्येक घनमीटर अदलाबदलीला ६.७ ग्रॅम वाफ खोलीबाहेर जाणार. १२५ भागिले ६.७, ताशी १९ घनमीटर. सीएफएममध्ये ११.

अकरा! आणि मी दोनशेचा पंखा आणून खिडकीतून सोडला होता. हे गणित दोनदा केलं, नवऱ्याकडून तपासून घेतलं. त्याला गणितापेक्षा पंख्याच्या किमतीत जास्त रस होता.

लेकाचा मुद्दा असा की बाहेरची हवा नसेल तर झाडांना कार्बन डायऑक्साइड कुठून मिळणार. त्याच्याकडे मीटर आहे. बाहेरच्या हवेत ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) पुढे थोडंसं, आमच्या बंद घरात चार माणसांच्या श्वासानं संध्याकाळी १०५०. झाडांना घरातली हवाच जास्त पौष्टिक. हा प्रश्न तिथेच मिटला.

हवा बदलताना उष्णतेची देवाणघेवाण करणारं यंत्र, एचआरव्ही, घ्यायचं मनात होतं. बाहेर जाणाऱ्या हवेची बरीचशी ऊब आत येणाऱ्या हवेला देतं, चांगलं असतं. पण ते पूर्ण घरासाठी. अकरा सीएफएमसाठी ते लावणं म्हणजे शेवयांना बैलगाडी. रद्द.

२२ डिसेंबर

नवी मांडणी, आजचा पूर्ण रविवार गेला.

पंखा खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, भिंतीला भोक पाडून तोंड बेसमेंटच्या मोठ्या हॉलकडे, जिन्याच्या बाजूला. वॉटर हीटरच्या खोलीकडे अजिबात नाही. तोंडाला फर्नेसच्या फिल्टरचा कापलेला तुकडा, माती आणि बीजाणू अडवायला. दाराला खाली जाळी बसवली, तिथून घरातली कोरडी हवा आत येईल. गरम दमट हवा वरून जाते, कोरडी खालून येते, आणि घराबाहेर काहीच जात नाही, त्यामुळे धुराड्याशी भांडण नाही. लगेच उदबत्ती घेऊन हीटरपाशी गेले. धूर सरळ वर. दोनदा बघितलं.

पंख्याला दमटपणावर चालणारा कंट्रोलर: ५८ ला चालू, ५२ ला बंद. वेग सगळ्यात कमी. तोही पन्नासेक सीएफएम देत असावा, त्यामुळे पंखा थोडा वेळ चालतो आणि बराच वेळ थांबतो.

याशिवाय क्लिपचे दोन छोटे पंखे खोलीत कायम चालू, कुठल्याच झाडाच्या थेट तोंडावर नाही, पानं जरा डुलतील इतकंच. माझा घोळ इथे होता. हवा हलवणं आणि हवा बदलणं ही दोन कामं मी एकाच मोठ्या पंख्याकडून करून घेत होते. भुरी रोखायला हवा हललेली पुरते. पापडाला बदललेली लागते.

दिव्यांची वेळही फिरवली, संध्याकाळी ६ ते सकाळी ८. रात्री बाहेर सगळ्यात गार असतं, तेव्हा ३०० वॅटची ऊब मिळते. दिवसा अंधार.

फडताळ वर नेलं. तिघांनी.

४ जानेवारी

दमटपणा ५१ ते ५८ मध्ये. रिम जॉइस्टचा फोम हाताला कोरडा. वरच्या मजल्यावर २९, लेकाचं वाफेचं यंत्र बंद केलंय. नाकातून रक्त नाही. कढीपत्त्याच्या मोठ्या झाडाला शेंड्यावर तांबूस कोंब.

चिलटं झालीत. पाणी जास्त होतंय, वरची माती बोटभर सुकेपर्यंत घालायचं नाही असं ठरवलं. सासूबाई रोज सकाळी "अगदी थोडंसं" पाणी घालतात, हे आज कळलं.

१४ जानेवारी

संक्रांत. बाहेर उणे २६. काळी साडी नेसून तिळगूळ द्यायला शेजारच्या तेलुगू घरी गेले तर तीस पावलांत पापण्या चिकटल्या.

परत येऊन बघते तर वरच्या सगळ्या खिडक्यांच्या काचांना खालून बर्फाच्या झालरी. घरात ३० टक्के, एरवी आरामाचं, पण एवढ्या थंडीत काच इतकी गार होते की ३० सुद्धा जास्त. खालची वाफ मी वर पाठवतेय ती शेवटी काचेवरच येऊन बसणार, हे गणितात धरलं नव्हतं. लाकडी चौकटींत पाणी शिरायच्या आत पुसून काढलं.

आजपुरता उपाय: पंख्याचा कंट्रोलर बंद, खोलीत डिह्युमिडिफायर (हवेतल्या वाफेचं पाणी करून काढणारं यंत्र). तो बेसमेंटमध्ये उन्हाळ्यात लागतो म्हणून आहेच. वाफेचं एक लिटर पाणी झालं की ०.६८ किलोवॅट-तास उष्णता परत मिळते, वर मोटारीची वेगळी. म्हणजे कडाक्याच्या दिवशी तो हीटरसारखाही चालतो. रात्रीतून बादलीत २ लिटरच्या वर पाणी.

नियम लिहून दाराला लावला. बाहेर उणे १८ पर्यंत पंखा, त्याखाली डिह्युमिडिफायर आणि पाणी निम्मं. सासूबाईंसाठी "पाणी निम्मं" लाल पेनानं.

२ फेब्रुवारी

वॉटर हीटरचं प्रकरण झाल्यापासून एक गोष्ट डोक्यात होती. पंखा घरातली हवा बाहेर टाकतो तेव्हा तिच्या जागी नवी हवा धुराड्यातून येते, फटींतून येते, आणि काँक्रीटखालच्या मातीतूनही येते. मातीत रेडॉन हा किरणोत्सारी वायू असतो. मिनेसोटात दर पाच घरांमागे दोन घरांत तो धोक्याच्या पातळीला असतो असं राज्याचं आरोग्य खातंच सांगतं. आमचं घर आम्ही कधी तपासलं नव्हतं. अकरा वर्षं.

कोळशाच्या किटनं चार दिवसांची चाचणी केली, पंखा नव्या मांडणीत. निकाल लिटरमागे ४.६ पिकोक्युरी. अमेरिकेत ४ किंवा वर असेल तर दुरुस्ती करा म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खिडकीचा पंखा चालू होता तेव्हा किती असेल, ते आता कळायला मार्ग नाही. एका छोट्या चाचणीवर फार काही बोलू नये हेही खरं, आकडा रोज हलतो. दुसरं किट लावलं.

१० फेब्रुवारी

दुसरं किट ५.१. म्हणजे ठरलं. काँक्रीटखालून पाइप काढून छतावर नेतात आणि त्यात पंखा बसवतात, तो चोवीस तास मातीखालची हवा शोषून बाहेर टाकतो. दोन कंत्राटदारांना बोलावलं. एकानं झाडांच्या खोलीत डोकावून, गांजा समजून असावं, मला डोळा मारला. कढीपत्ता चुरगळून त्याच्या नाकाखाली धरला. त्याला तो काय आहे ते कळलं नाही, पण डोळा मारणं थांबलं. काम दुसऱ्याला दिलं.

८ मार्च

पाइप बसून दोन आठवडे झाले. नवी चाचणी ०.९. लगेच वॉटर हीटरपाशी उदबत्ती, कारण हा पंखाही शेवटी हवा ओढतोच, काँक्रीटला भेगा असतील तर घरातली. धूर वर गेला, पण पूर्वीसारखा झपकन नाही, जरा रेंगाळून. नवरा म्हणतो नीट जातोय. मला नाही पटत. दारं बंद केली, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट आणि कपडे वाळवायचं यंत्र एकदम चालू करून पुन्हा धरली. धूर टोपीच्या कडेला थबकला.

हीटर चौदा वर्षांचा आहे. बाहेरून हवा घेणारा, बंद ज्वालेचा नवा किती पडतो याची चौकशी केली. तोवर एक्झॉस्ट आणि कपडे वाळवायचं यंत्र ही दोन एकदम चालू करायची नाहीत, हे सगळ्यांना सांगून झालं.

१५ मार्च

बाहेर अधिक ६. बर्फ वितळतोय, गटारं वाहतायत. खिडकी उघडून डक्ट पुन्हा बाहेर सोडायचा मोह झाला, अगदी हातात पाना घेतला होता. खिडकीवरच्या फोमवर जाड मार्करनं लिहिलं: "हीटर बदलेपर्यंत नाही."

सासूबाई २२ तारखेला निघतायत. मोठ्या कढीपत्त्याची आज पहिली छाटणी केली, पंचवीस-तीस डहाळ्या, तीन घरांत वाटल्या. त्यांनी पापडाचा रिकामा डबा घासून, पुसून, वरच्या झरोक्यासमोर उपडा ठेवलाय.